आधार दाखविण्याची विद्या

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत मुलामुलींच्या सत्काराच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. अशा प्रसंगी परिश्रम, शिस्त, मातृपितृभक्ती या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. ते विषय थोर आहेत आणि त्यांवर बोलणारे अधिकारी वक्ते आपल्या समाजात पुष्कळ आहेत. यास्तव आम्ही आज एक लहानसा आणि वरवर पाहता रुक्ष वाटणारा विषय निवडला आहे. ग्रंथालयात जाऊन माहिती कशी शोधावी, आणि ती लिहिताना कोठून घेतली हे कसे सांगावे, एवढाच तो विषय होय.

हा विषय निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील मुले आता जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथे राहून पदवी घेतात आणि पुढे विद्यापीठात जातात. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले आणि १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. त्यापूर्वी आपल्या भागाचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. आपल्या अनेक घरांतून विद्यापीठाची पायरी चढणारे पहिलेच मूल आज या सभागृहात बसले आहे. आईवडील त्याच्या फीची, वसतिगृहाची, डब्याची तजवीज पोटाला चिमटा घेऊन करतात. परंतु निबंध किंवा प्रबंध कसा सिद्ध करावा, हे सांगणारे घरात कोणी नसते. ज्या घरात दोन पिढ्या प्राध्यापक आहेत, तेथील मूल ही गोष्ट जेवता जेवता शिकते. आपल्या मुलांना ती मुद्दाम शिकवावी लागेल.

तथापि ही विद्या आपणांस अगदीच परकी आहे असे नाही. जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी किंवा वारसाच्या नोंदीसाठी आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी कागद जमविले आहेत. अमुक तारखेपूर्वीचा पुरावा हवा म्हटले की आजोबांच्या शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढावा, तहसिलात १९५४ च्या खासरा पाहणीची नक्कल मागावी, उर्दू वा मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावा, ही यातायात कोणास ठाऊक नाही? तेथे “आमच्या घरात पूर्वापार असेच सांगतात” एवढे म्हणून भागत नाही. नोंद कोणत्या वहीत आहे, कोणत्या क्रमांकावर आहे, कोणत्या सालची आहे, हे दाखवावे लागते. आणि शंका आल्यास अधिकारी मूळ वही मागवून ताडून पाहतो. विद्यापीठातील संशोधनाची रीत याहून निराळी नाही. आपण जे विधान करतो त्याची वही, पान आणि साल वाचकाच्या हाती द्यावे, म्हणजे त्यास वाटल्यास तो जाऊन पाहील.

आणि ही रीत पाश्चात्त्यांकडूनच आली, असेही कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचा दासबोध उघडून पाहावा. अगदी पहिल्याच समासात समर्थांनी आपल्या ग्रंथास कोणकोणत्या ग्रंथांची संमती आहे ते नावे घेऊन सांगितले आहे. शिवगीता, रामगीता, गुरुगीता, अवधूतगीता, भगवद्गीता, उपनिषदे, भागवत अशी ती यादीच आहे, आणि त्याबरोबर आपल्या स्वतःच्या अनुभवाचाही त्यांनी निराळा उल्लेख केला आहे. म्हणजे वाचलेले कोणते आणि स्वतःचे कोणते, हे त्यांनी आरंभीच वेगळे केले. या बोधास मत्सराने खोटे म्हणणाऱ्यास ते सर्व ग्रंथच खोटे ठरवावे लागतील, असेही ते पुढे सुचवितात. आधार दाखविल्याने लिहिणाऱ्याच्या पाठीशी किती बळ उभे राहते, हे यावरून कळून येईल. दुसरी गोष्ट अशी की दासबोधातील कोणतेही वचन दशक, समास आणि ओवी यांच्या अंकांनी सांगता येते. लेखनक्रियेचे निरूपण एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात आहे, असे म्हटले की पोथी कोणत्याही छापखान्याची असो, वाचक नेमक्या जागी पोहोचतो. आजचा विद्यार्थी तळटीप लिहितो तेव्हा त्यास हेच साधावयाचे असते.

आता प्रत्यक्ष ग्रंथालयाकडे वळू. कल्पना करा की आपल्यापैकी एखादी विद्यार्थिनी जालन्याच्या इतिहासावर निबंध लिहिण्यासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली आहे. तिने संगणकावरील तालिकेत ‘जालना जिल्हा’ असा शोध घेतला आणि थोडीच पुस्तके दिसली. येथे पुष्कळ विद्यार्थी निराश होऊन परत फिरतात. पण जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, हे ध्यानात घेतले म्हणजे उलगडा होतो. तत्पूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरकडचा भाग परभणी जिल्ह्यात होता. सबब जुनी माहिती त्या दोन जिल्ह्यांच्या नावाखाली शोधली पाहिजे. औरंगाबादचे एक गॅझेटियर निजामाच्या अमदानीत १८८४ साली प्रसिद्ध झाले. जालन्याची माहिती त्यात पाहावी. औरंगाबाद शहराचे व जिल्ह्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले असले, तरी जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावरील नाव बदललेले नाही. राज्याचेही तसेच. १९५६ पर्यंतचे शासकीय कागद हैदराबाद राज्याचे, पुढे १९६० पर्यंतचे मुंबई राज्याचे आणि त्यानंतरचे महाराष्ट्राचे. इंग्रजी लेखनात गावांची नावेही निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेली आढळतात. तेव्हा ज्या काळाची माहिती हवी, त्या काळी त्या गोष्टीस काय म्हणत असत, हे आधी जाणून घ्यावे. शोधाचा अर्धा मार्ग तेथेच सरतो.

शोधाचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम कोश पाहावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघू लागलेला मराठी विश्वकोश आता घरबसल्याही वाचता येतो. कोशातील नोंद ही विषयाची तोंडओळख आहे. तिच्यावर निबंध संपवू नये. कोशानंतर सूची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एवढ्या चिकाटीने तयार केली आहे की जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढणाऱ्यास तिच्यावाचून गत्यंतर नाही. सूचीवरून ग्रंथ, ग्रंथावरून नियतकालिकांतील लेख आणि तेथून शक्य तर मूळ कागद, अशा पायऱ्यांनी जावे. एखाद्या चांगल्या ग्रंथाच्या शेवटी जी संदर्भसूची असते ती टाळून पुस्तक मिटू नये. पुढची दहा पुस्तके तीच दाखविते. विद्यापीठांना सादर झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. आपल्या विषयावर पूर्वी कोणी काम केले आहे की नाही, हे तेथे पाहिल्याखेरीज लेखणी हाती धरू नये.

ग्रंथांच्या पाठीवर चिकटविलेल्या अंकांचीही ओळख करून घ्यावी. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात भारताचा इतिहास ९५४ या अंकाखाली आणि मराठी साहित्य ८९१.४६ या अंकाखाली असते. एक पुस्तक काढावयास गेल्यावर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तके पाहिल्यास अनपेक्षित लाभ होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्रंथपालास विचारण्यास संकोच करू नये. खेड्यातून आलेली आपली मुले या ठिकाणी बुजतात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचला पाहिजे असे एक सूत्र आहे. विचारणाऱ्यास वाट दाखविणे हे ग्रंथपालाचे कर्तव्यच होय.

पुस्तक सापडले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. छापलेले ते सर्व खरे, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये जालन्याविषयी एक परंपरा दिली आहे. रामायणकाळी सीतामाई येथे राहत असे व गावाचे नाव जनकपूर होते, पुढे एका श्रीमंत मुसलमान विणकराच्या इच्छेवरून, म्हणजे जुलाह्यावरून, जालना हे नाव पडले, अशी ती परंपरा आहे. अकबराच्या पदरचा अबुल फझल काही काळ येथे राहिला, असेही तेथे म्हटले आहे. आता हा मजकूर आपल्या निबंधात कसा लिहावा? “जालन्याचे प्राचीन नाव जनकपूर होते” असे लिहिणे सर्वथा अनुचित होईल. “अशी परंपरा इंपीरियल गॅझेटियरने नोंदविली आहे” असे लिहिणे योग्य. पहिल्या वाक्यात परंपरेचा इतिहास झाला. दुसऱ्यात परंपरा परंपरेच्याच जागी राहिली. आणि अबुल फझलाविषयी, गॅझेटियरला हे कोठून कळले, त्याच्या काळातील कोणता ग्रंथ यास दुजोरा देतो, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभा राहिला, तर त्याचे संशोधन सुरू झाले असे समजावे.

मूळ साधन आणि त्यावरून लिहिलेला ग्रंथ यांतील भेद भोकरदन तालुक्यातील असईच्या लढाईवरून चांगला कळेल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची तेथे लढाई झाली. वेलस्लीने त्या सुमारास लिहिलेली पत्रे हे मूळ साधन, परंतु ते एका पक्षाचे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेला मराठ्यांचा इतिहास हे नंतरचे कथन. विद्यार्थ्याने वेलस्लीचे पत्र स्वतः वाचले नसेल आणि एखाद्या आधुनिक पुस्तकात त्यातील उतारा पाहिला असेल, तर त्याने त्या आधुनिक पुस्तकाचेच नाव दिले पाहिजे आणि “अमुक ग्रंथात उद्धृत” असे प्रांजळपणे लिहिले पाहिजे. न पाहिलेल्या ग्रंथाचे नाव देणे म्हणजे न पाहिलेल्या दस्तावर साक्षीदार म्हणून सही करण्यासारखे आहे.

संदर्भाची नोंद करण्याच्या पद्धती अनेक आहेत. ज्या विद्यापीठाची जी असेल ती पाळावी. पण सर्वांचा गाभा एकच आहे: लेखक कोण, ग्रंथ कोणता, कोठून व कोणी प्रसिद्ध केला, कोणत्या साली, आणि मजकूर कोणत्या पृष्ठावर. उदाहरणच द्यावयाचे तर भोकरदनचे घेऊ. सांची आणि भारहूत येथील शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांमध्ये ज्या भोगवर्धनाचे नाव येते, ते हेच भोकरदन. तेथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. त्याचा अहवाल शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिला व तो १९७४ साली निघाला. आता एखाद्याने “भोकरदनला फार जुन्या वस्तू सापडल्या” असे लिहिले तर वाचकाने काय करावे? परंतु लेखक, अहवाल, विद्यापीठे, साल आणि पृष्ठ दिले, की दिल्लीचा वा लंडनचा वाचकही तो अहवाल मागवून आपल्या भोकरदनची हकीकत पडताळू शकतो. दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्याने आपले गाव दगडावर लिहून ठेवले, म्हणूनच आज आपणांस त्या गावाचा धागा सापडला.

उल्लेख केव्हा करावा, याविषयी विद्यार्थ्यांच्या मनात घोटाळा असतो. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर ते अवतरणचिन्हांत घालून पृष्ठासह उल्लेख करावा. शब्द आपले पण विचार दुसऱ्याचा, तरीही उल्लेख करावा. दोनचार शब्द फिरविल्याने विचार आपला होत नाही. आकडे, नकाशे, छायाचित्रे यांनाही हाच नियम. एखाद्या वृद्धाने सांगितलेली आठवण घेतली, तर त्यांची संमती घेऊन त्यांचे नाव, गाव व तारीख लिहावी. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले, यासारख्या सर्वज्ञात गोष्टीस मात्र आधार देण्याचे कारण नाही.

हे सर्व निबंध लिहून झाल्यावर आठवू म्हटले तर आठवत नाही. म्हणून टिपण घेतानाच काळजी घ्यावी. एका कागदावर एकच मुद्दा लिहावा, वर ग्रंथाचे नाव व पृष्ठ लिहावे, आणि उतारा कोणता व आपले मत कोणते हे खूण करून वेगळे ठेवावे. पुष्कळदा चोरीचा हेतू नसतानाही चोरी घडते, ती या ठिकाणच्या आळसामुळे. दोन महिन्यांनी वही उघडली म्हणजे वाक्य आपले की पुस्तकातले, हेच उमगत नाही.

आता याचा दंड काय, तेही पालकांनी ऐकून ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधासाठी नियमावली केली. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून सादर करावयाचे. ४० ते ६० टक्क्यांस सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष बंदी आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द, असे टप्पे तीत ठरविले आहेत. आधार देऊन घेतलेली अवतरणे या साम्यात धरली जात नाहीत, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. म्हणजे जे उघडपणे घेतले त्यास शिक्षा नाही. लपवून घेतले त्यास आहे. आपल्या गावात हातउसने पैसे घेण्यास कोणी दोष देत नाही, पण न सांगता उचललेल्या पैशास काय म्हणतात ते आपण जाणतोच. शेत गहाण ठेवून शिकविलेल्या मुलाची नोंदणी अशा कारणाने रद्द झाली, तर ती हानी त्याच्या एकट्याची नसते.

२०२२ च्या अखेरीपासून प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारी संगणकीय साधनेही सर्वांच्या हाती आली आहेत. त्यांचा उपयोग समजून घेण्यासाठी खुशाल करावा. परंतु ही साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे आणि पृष्ठे अत्यंत आत्मविश्वासाने देतात. म्हणून आमचा साधा नियम असा की जो ग्रंथ आपण उघडून पाहिला नाही, तो आपल्या सूचीत येता कामा नये.

येथे कोणी म्हणेल की एवढी कटकट थोरामोठ्यांच्या पोरांनी करावी. आपल्या मुलास कशाला? आमचे मत नेमके उलट आहे. थोर विद्वानाचे नाव पाहून लोक त्याचे विधान मानतात. जालन्याच्या बाजारातील हमालाच्या किंवा मंठ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीस तसे नाव नाही. तिच्या विधानामागे तिने दाखविलेला आधार तेवढा उभा असतो, आणि तो पक्का असेल तर विधान कोणाचे आहे हे विचारण्याचे कारणच उरत नाही. ग्रँट डफचा इतिहास इंग्रजी अमलात प्रमाण मानला जात असता, नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने विद्यार्थिदशेत त्यावर टीका लिहिली. सत्ता, वय, प्रतिष्ठा यांपैकी काहीच त्यांच्या बाजूस नव्हते. बाजूस होता तो अभ्यास. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या घरांतील कागद मिळविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली, तेव्हा मराठी माणूस आपल्या इतिहासाविषयी कागद पुढे ठेवून बोलू लागला.

हीच गोष्ट आपल्या समाजासही लागू आहे. आपल्या समाजाच्या उत्पत्तीविषयी, स्थलांतराविषयी, पूर्वजांच्या पराक्रमाविषयी पुष्कळ कथा आपण सांगतो. त्या प्रिय आहेत, पण त्यांतील किती कथांचा आधार आपण दाखवू शकू? उद्या आपलाच नातू हे विचारील तेव्हा त्यास रागे भरण्याऐवजी काही दाखविता यावे, एवढीच आमची इच्छा आहे. त्र्यंबकेश्वर, पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्यांची नावे असू शकतात. घरोघरी जुनी खरेदीखते, पत्रे, लग्नपत्रिका, शाळेची प्रमाणपत्रे ट्रंकेत पडून आहेत. वाळवी व रद्दीवाला यांच्या आधी आपण त्यांच्यापाशी पोहोचले पाहिजे.

यास्तव मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवितो. पहिली, शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा आपल्या गावाविषयी, आधार देऊन, एक लहान टिपण लिहावे आणि त्यांतील उत्तम ते स्मरणिकेत छापावे. दुसरी, सभासद कुटुंबांकडे असलेल्या जुन्या कागदांची यादी करावी. कागद ज्याचे त्याच्याच घरी राहोत, पण कोणाकडे काय आहे हे एका वहीत नोंदले जावे. तिसरी, आपल्या स्मरणिकेच्या प्रत्येक अंकावर साल, स्थळ व पृष्ठांक स्पष्ट छापावेत आणि एक प्रत जिल्ह्याच्या व एक विद्यापीठाच्या ग्रंथालयास पाठवावी. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक आपल्या समाजाविषयी लिहू लागेल, तेव्हा हीच स्मरणिका त्याचे साधन होणार आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुमच्या हाती प्रशस्तिपत्र पडले आहे, त्यावर तारीख आहे, सही आहे, क्रमांक आहे. तुम्ही पुढे जे लिहाल तेही असेच, कोणीही पडताळून पाहावे अशा योग्यतेचे असो, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.